बुरशी भिंतीला, बिल कोणाला?

भाड्याची घरं बघितली जातात मे महिन्यात आणि त्यांची खरी ओळख पटते ऑगस्टमध्ये. शाळा सुरू व्हायच्या आत सामान हलवायचं म्हणून मुंबई-ठाणे-पुण्यातला भाडेकरू उन्हाळ्यात फ्लॅट शोधतो. तेव्हा भिंती खडखडीत कोरड्या असतात, मालकाने नुकताच रंग मारून घेतलेला असतो आणि एजंटला पुढच्या गिऱ्हाइकाची घाई असते. जुलैत कपाटामागून कुबट वास येऊ लागतो. मग कोपऱ्यात हिरवट-काळे ठिपके, चपलांवर पांढरी लव आणि एक दिवस ठेवणीतल्या साडीच्या घडीवर डाग.

मग फोनाफोनी सुरू होते. मालक म्हणतात, ‘तुम्ही खिडक्या बंद ठेवता, कपडे घरात वाळत घालता.’ भाडेकरू म्हणतो, ‘काका, भिंत हाताला ओली लागतेय.’ सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, ‘हा दोन मेंबरांमधला प्रश्न आहे.’ वरच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणतात, ‘आमच्याकडे तर काहीच गळत नाही.’ गंमत अशी, की यातलं प्रत्येक वाक्य कुठल्या ना कुठल्या घरात खरं असतं.

म्हणून इथे कायद्याच्या आधी पाण्याबद्दल बोलायला हवं. बुरशी कोणामुळे आली यावर वाद घालण्यात अर्थ नाही. तिचे बीजाणू हवेत बारा महिने असतात आणि ओल मिळाली की एक-दोन दिवसांत मूळ धरतात. पाणी कुठून आलं एवढं नक्की झालं, की बिल कोणाच्या नावावर फाडायचं ते बहुतेक वेळा ठरून जातं. ते ठरायच्या आधी रंगावर घातलेला पैसा वाया जातो, मग तो मालकाचा असो की भाडेकरूचा.

पाणी कुठून येतंय?

अर्धं उत्तर डागाच्या जागेत असतं. छतावर, वरच्या घराच्या बाथरूमच्या बरोबर खाली गोल डाग असेल आणि तो उन्हाळ्यातही ओला राहत असेल, तर वरची नहाणी किंवा तिथली पाइपलाइन झिरपते आहे. पश्चिमेकडच्या बाहेरच्या भिंतीवर डाग असेल आणि दोन दिवस झोडपून पाऊस झाला की तो पसरत असेल, तर बाहेरच्या गिलाव्याला तडे आहेत. खिडकीच्या खालच्या दोन कोपऱ्यांत ओल दिसली तर चौकटीचं सील किंवा वरचा छज्जा बघायचा. शेवटच्या मजल्यावर छतभर पोपडे धरले असतील तर गच्ची. तळमजल्यावर जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंतच भिंत खराब असेल तर ती जमिनीतून वर चढणारी ओल आहे, आणि तिच्यावर कुठलाही रंग टिकत नाही.

उलट, कपाटामागे, पलंगामागे, दार नेहमी बंद असलेल्या खोलीत किंवा बाथरूमच्या छताला बारीक ठिपके सगळीकडे सारखे पसरले असतील आणि भिंत आतून ओली नसेल, तर हवेतली वाफ थंड भिंतीवर धरते आहे. घरातला ओलावा इथे दोषी असतो. मात्र तो साठायला जागा कोणी दिली हा पुढचा प्रश्न.

पांढरी पावडर आणि बुरशी यांत गल्लत करू नका. भिंतीतले क्षार ओलीबरोबर बाहेर येऊन सुकतात, त्याला आपण लोणा म्हणतो. त्यावर पाणी शिंपडलं की तो विरघळतो, बुरशी विरघळत नाही. लोण्याचा तब्येतीला त्रास फारसा नाही, पण भिंतीतून पाणी वाहत असल्याचा तो लेखी पुरावाच आहे.

घरच्या घरी करता येणारी सगळ्यांत उपयोगी चाचणी पाच-दहा रुपयांची आहे. स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा फूटभर चौकोन भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावायचा आणि दोन दिवसांनी काढायचा. भिंतीकडच्या बाजूला पाणी दिसलं तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला दव धरलं असेल तर ओल हवेतली आहे. काढताना मोबाइलवर व्हिडिओ घ्या, तोच पुढे कामाला येतो. वरच्या घराबद्दल शंका असेल तर त्यांच्या संमतीने नहाणीचा ट्रॅप बंद करून बाथरूममध्ये खायचा रंग मिसळलेलं पाणी तुंबवून ठेवायचं आणि खाली रंगीत ओघळ दिसतो का ते चोवीस तास बघायचं. रंग खाली उतरला की ‘आमच्याकडे काहीच गळत नाही’ हे वाक्य पुन्हा ऐकू येत नाही. स्वतंत्र पाणीमीटर असेल तर घरातले सगळे नळ रात्रभर बंद ठेवून सकाळी आकडा बघा. काटा हलला असेल तर नळाच्या लाइनमध्येच गळती आहे.

आणखी एक. ‘खिडक्या उघडा’ हा सल्ला पावसाळ्यात अर्धाच खरा असतो. आंघोळीची, शिजवण्याची वाफ बाहेर जायला झुळूक हवीच. पण कोकणपट्टीत जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरच्याच हवेत ८० टक्क्यांहून जास्त आर्द्रता असते, आणि बुरशी रोखायला घरात ती ६० च्या खाली हवी. नुसत्या उघड्या खिडकीने हे गणित सुटत नाही. तीनशे ते आठशे रुपयांना मिळणारा आर्द्रतामापक टेबलावर ठेवला, तर कोणाच्या सवयींवर बोट ठेवायचं की हवामानावर, हे निदान आकड्यात कळतं.

तुम्ही कोणत्या कागदावर राहता?

आपल्या राज्याच्या भाडे कायद्यात बुरशीचा वेगळा उल्लेख नाही. जबाबदारी ‘दुरुस्ती’ या शब्दावरून काढावी लागते, आणि ती तुमच्या कागदाप्रमाणे बदलते.

पगडीच्या किंवा जुन्या भाडेकरारावरच्या घरात राहत असाल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम १४ तुमच्या बाजूने आहे. भाडेकरूने करारात वेगळं काही मान्य केलं नसेल, तर जागा राहण्यायोग्य दुरुस्त ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. किमान १५ दिवसांची लेखी नोटीस देऊनही मालकाने वाजवी वेळेत काम केलं नाही, तर भाडेकरू ते स्वतः करून घेऊन खर्च भाड्यातून वळता करू शकतो. अट एकच, पण जबर: एका वर्षात वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त नको. महिना ६,००० रुपये भाडं असेल तर वर्षाला १८,००० पर्यंत. गिरगाव-लालबागच्या चाळीत महिना ५०० रुपये भाडं असेल तर वर्षाला फक्त १,५०० रुपये, म्हणजे प्लंबरच्या दोन-तीन खेपा. पगडीवाल्यांसाठी हे कलम कागदावरच शोभतं असं माझं मत आहे. मात्र अनेक भाडेकरूंनी मिळून दुरुस्ती केली तर खर्च भाड्याच्या प्रमाणात वाटून घेता येतो आणि पावत्यांना कायद्याने पुरावा मानलं आहे, त्यामुळे चाळकऱ्यांनी एकत्र येऊन हा मार्ग वापरण्यात अर्थ आहे. दक्षिण आणि मध्य मुंबईतल्या उपकरप्राप्त इमारतींचं मुख्य बांधकाम खराब झालं असेल तर दाद म्हाडाच्या मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे मागायची.

आज बहुतेक लोक राहतात ते मात्र लिव्ह अँड लायसन्स करारावर, आणि इथे बऱ्याच जणांची फसगत होते. असा करार करणारा माणूस बोलताना भाडेकरू असला तरी या कायद्याच्या अर्थाने तो भाडेकरू नसतो. कलम १४ चं कवच त्याला मिळत नाही. ‘दुरुस्ती केली आणि भाड्यातून कापली’ असं परस्पर केलं तर तो सरळ करारभंग ठरू शकतो. त्याचा आधार म्हणजे करारातल्या अटी आणि १८८२ चा भारतीय सुविधाधिकार कायदा. त्याचं कलम ५७ फारसं कोणी वाचत नाही, पण ते महत्त्वाचं आहे. जागेत राहणाऱ्याच्या जिवाला किंवा वस्तूंना धोका होईल असा दोष मालकाला माहीत असेल आणि राहायला येणाऱ्याला माहीत नसेल, तर तो सांगणं मालकाचं कर्तव्य आहे. दर पावसाळ्यात स्विचबोर्डमध्ये पाणी उतरतं हे ठाऊक असताना रंग मारून घर देणारा मालक या कलमात अडकू शकतो. नुसत्या ठिपक्यांना ते लागू करायचं तर वकिलाला बरंच झगडावं लागेल.

केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर केला, त्यात कामांची वाटणी स्वच्छ लिहिली आहे: बांधकामाची दुरुस्ती, भिंतींचा रंग, पाइप बदलणं, मुख्य वायरिंग मालकाकडे, नळाचे वॉशर, नाली साफ करणं, बेसिन-गीझरची दुरुस्ती, खिडकीच्या काचा आणि जाळ्या भाडेकरूकडे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही, पण करार लिहिताना ही वाटणी उचलायला कोणाची हरकत असायचं कारण नाही.

भाडेकरूचं सगळ्यांत मोठं कर्तव्य मात्र कुठल्याच एजंटच्या तोंडून ऐकू येत नाही. ओल दिसल्याबरोबर लेखी कळवायचं. जूनमध्ये दिसलेला हातभर डाग ऑक्टोबरपर्यंत तसाच ठेवला, तोवर लाकडी कपाट कुजलं, आणि घर सोडताना सांगितलं, तर वाढलेल्या नुकसानीचा वाटा मालकाने मागणं गैर नाही. व्हॉट्सॲपवर फोटो टाकून शिवाय एक ई-मेल करावा. मोबाइल बदलला तरी ई-मेल राहतो.

सोसायटी आणि वरचा मजला

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या भिंती, गच्ची, सामाईक पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या लाइनी, पावसाच्या पाण्याची गळती हे सगळं सोसायटीने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचं आहे. गच्चीतून झिरपल्यामुळे शेवटच्या मजल्याच्या छताचा गिलावा पडला तर तोही. फ्लॅटच्या आतली गळती, म्हणजे संडास, बाथरूम, सिंक, त्या त्या सभासदाची. तेव्हा वरच्या नहाणीतून येणाऱ्या पाण्याचा खर्च वरच्या फ्लॅटच्या मालकाने द्यायचा असतो. तिथे राहणाऱ्या भाडेकरूने नाही आणि खालच्या मालकानेही नाही.

अडचण अशी, की भाड्याने राहणारा सोसायटीचा सभासद नसतो, त्यामुळे सेक्रेटरी त्याचा अर्ज बाजूला सारू शकतात. पत्र मालकाच्या सहीनेच जायला हवं. फ्लॅट भाड्याने दिल्याबद्दल मालक सोसायटीला सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्क भरतो, तेव्हा सोसायटीने ‘हे तर भाडेकरूचं घर’ म्हणून हात झटकणं बरोबर नाही. पत्राची पोच घ्या. उत्तर आलं नाही तर मालकाला सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार आणि पुढे सहकार न्यायालय असा रस्ता आहे. मुंबईत वरच्या घरातली गळती उपद्रव म्हणून पालिकेच्या विभाग कार्यालयातल्या आरोग्य खात्याकडेही नेता येते. तिथून निरीक्षक येऊन नोटीस देतो, आणि बऱ्याच वेळा एवढ्यावरच वरचे शेजारी नरमतात.

इमारत नवी असेल तर मालकाने आणखी एक दार ठोठावावं. रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष निघाला आणि तो बिल्डरच्या नजरेला आणून दिला, तर त्याने तो ३० दिवसांत फुकट दुरुस्त करायचा असतो. बाहेरच्या भिंतीतून झिरपणं यात बसतं. पाचवं वर्ष सरत आलं असेल तर आजच पत्र टाका.

खर्चाचा हिशेब

खालचे आकडे मुंबई-पुण्याच्या बाजारातले ढोबळ आहेत. मजला, लिफ्ट, मालाचा ब्रँड, डेब्रिज टाकायची सोय यावर ते सहज दीडपट होतात. निदान तीन कोटेशनं घ्यावीत, आणि फोनवर सांगितलेल्या भावावर काम देऊ नये.

सुरुवात स्वस्त गोष्टींपासून. प्लंबरची पाहणी ३०० ते ७०० रुपये. बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन १,२०० ते २,५०० आणि बसवणावळ पाचशेच्या आसपास. बाथरूमला खिडकी किंवा झडप नसेल तर हा पंखा मालकाने बसवून द्यावा. तो भिंतीला राहतो, भाडेकरूबरोबर जात नाही. बसवलेला पंखा आंघोळीनंतर चालू ठेवायचा की नाही, ही मात्र भाडेकरूची जबाबदारी. कपाटात ठेवायची ओल शोषणारी पुडी शंभर-दीडशेला मिळते आणि पावसाळ्यात महिन्या-दीड महिन्यात पाणी धरून संपते, तो भाडेकरूचा खर्च. डीह्युमिडिफायर १२,००० ते २५,००० ला येतो. ३०० वॉटचं यंत्र रोज आठ तास चालवलं तर २.४ युनिट, १० रुपये युनिट धरलं तर महिन्याला सातशेवर बिल. घरात लहान मूल किंवा दम्याचं माणूस असेल तर मी ते घेईन. एरवी आधी पंखा आणि एसीचा ‘ड्राय’ मोड वापरून बघावा.

आता मधली कामं. बाथरूमच्या टाइल्सच्या फटीत इपॉक्सी ग्राउट भरून घ्यायला लहान बाथरूमला ६,००० ते १५,००० लागतात. गळती फटींमधूनच असेल तर एवढ्यावर भागतं, आणि वरच्या शेजाऱ्याशी बोलणी करताना हा पर्याय आधी मांडावा, कारण बाथरूम फोडायचं नाव काढलं की तो दार लावून घेतो. ग्राउटने थांबलं नाही तर टाइल्स काढून पूर्ण वॉटरप्रूफिंग, नव्या टाइल्ससकट ४०,००० ते १,००,००० आणि आठवडाभर बाथरूम बंद. बाहेरच्या भिंतीतले तडे दोरावरून उतरणाऱ्या माणसांकडून भरून घ्यायला एका फ्लॅटपुरते ५,००० ते २०,००० होतात. एवढ्यासाठी दोर बांधायचाच तर सोसायटीने आख्खी बाजू करून घेतलेली परवडते. गच्चीला रासायनिक लेप चौरस फुटाला ४० ते ८०, जुना कोबा फोडून नवा ब्रिकबॅट कोबा १२० ते २०० रुपये. हल्ली अनेक सोसायट्या त्याऐवजी पत्र्याची शेड टाकतात. त्यासाठी पालिकेच्या परवानगीचं आधी बघावं.

शेवटी आतली भिंत. दहा फूट बाय दहा फूट भिंत धरा, म्हणजे १०० चौरस फूट. खराब गिलावा खरवडून नवा करायला फुटाला ६० ते १२० आणि त्यावर पुट्टी, प्रायमर, रंग मिळून २५ ते ४५. एका भिंतीचे १० ते १५ हजार सहज होतात. हा खर्च पाणी जिकडून आलं त्याच्या मालकाने द्यायचा, मात्र करायचा दिवाळीनंतर. गळती थांबली तरी विटांची भिंत सुकायला आठवडे लागतात, आणि पावसाळ्यात मारलेला बुरशीरोधक रंग पुढच्या जूनपर्यंतही टिकत नाही. रंगाच्या डब्यावर ‘अँटीफंगल’ लिहिलं म्हणजे भिंतीतलं पाणी थांबत नाही.

बुरशीचा प्रकार शोधायला प्रयोगशाळेत नमुना पाठवा, असं सुचवणारे काही साफसफाईवाले आता भेटतात. घरगुती भांडणात त्याचा काही उपयोग नाही. काळी असो वा हिरवी, काढायची आहेच.

स्वतः साफ करताना

डाग तीन फूट बाय तीन फुटांहून लहान असेल तर घरच्या माणसाला तो साफ करता येतो, हा अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा ठोकताळा आपल्याकडेही चालतो. त्याहून मोठा असेल, किंवा घरात दमेकरी असेल, तर माणूस बोलवावा. एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, चष्मा, साबणाचं पाणी, फडकी, सगळं मिळून चार-पाचशे रुपयांत होतं. कोरड्या ब्रशने घासू नका, बीजाणू खोलीभर उडतात. आधी ओलं करून पुसायचं आणि फडकं पिशवीत बांधून टाकायचं. टाइल्सवर ब्लीच चालतं, पण गिलाव्याच्या आत ते पोहोचत नाही, म्हणून भिंतीवर ठिपके महिन्याभरात परत दिसतात. ब्लीच आणि ॲसिड किंवा टॉयलेट क्लीनर कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो. गाद्या, फोमचे सोफे, प्लायचं कपाट आतपर्यंत भिजलं असेल तर ते वाचत नाही, त्यावर पैसे घालू नका. आणि साफ करायच्या आधी फोटो काढा. पुरावा स्वतःच्या हाताने पुसून मग मालकाला फोन करणारे लोक कमी नाहीत.

घरातली ओल आणि बुरशी यांचा दमा आणि श्वसनाच्या तक्रारींशी संबंध असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत नोंदवलं आहे. बाळ सतत खोकत असेल तर डॉक्टरांना घराची स्थिती सांगा आणि त्यांनी कागदावर ती नोंदवली तर तो कागद जपून ठेवा.

करारात काय लिहून घ्यायचं

लिव्ह अँड लायसन्सच्या ठरावीक मसुद्यात सहसा एक ओळ असते: जागा आहे त्या स्थितीत सांभाळायची आणि झालेलं नुकसान राहणाऱ्याने भरून द्यायचं, नेहमीच्या वापराची झीज सोडून. ‘आहे ती स्थिती’ म्हणजे काय, यावर नंतर सगळं भांडण होतं. म्हणून चावी घेतल्याच्या दिवशी प्रत्येक भिंत, छत, माळ्याचं तोंड, सिंकखालची जागा यांचे फोटो काढून मालकाला ई-मेल करा. घर बघताना कपाट पुढे ओढून मागे नाक लावा, आणि वॉचमनला किंवा खालच्या मजल्यावरच्या काकूंना पावसाळ्यात काय होतं ते विचारा. एजंट सांगणार नाही ते त्या सांगतात.

मसुद्यात इतर अटींसाठी जागा असते. तिथे साध्या मराठीत एवढं घालून घ्या: ‘छत, बाहेरील भिंत, गच्ची, भिंतीतील पाइप किंवा शेजारील सदनिका यांतून येणारी ओल व गळती यांची दुरुस्ती मालक करील. लेखी सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत काम सुरू न झाल्यास लॉक-इनची अट लागू राहणार नाही व अनामत रक्कम पूर्ण परत मिळेल. अशा ओलीमुळे खराब झालेल्या रंगाचा खर्च अनामत रकमेतून कापला जाणार नाही.’ त्याबदल्यात भाडेकरूने लिहून द्यावं, की ओल दिसल्यापासून आठवड्याभरात कळवीन आणि पाहणीला दार उघडून देईन. हे दिलं तर समंजस मालक सही करतो. मालक परदेशात असेल, मुलगा न्यू जर्सीत आणि चावी पुण्यातल्या आत्याकडे असा प्रकार असेल, तर ठरावीक रकमेपर्यंतच्या दुरुस्तीला इथे कोण होकार देऊ शकतं त्याचं नाव करारात हवं. नाहीतर अमेरिकेतल्या रात्रीची वाट बघण्यात पावसाळा संपतो.

करार अकरा महिन्यांचा आहे म्हणून नोंदवायची गरज नाही, हा समज चुकीचा आहे. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो आणि तशी जबाबदारी मालकाची आहे. नोंदवला नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. खर्चही जड नाही. २५,००० भाडं, १ लाख अनामत, ११ महिने असा करार असेल तर एकूण भाडं २,७५,००० आणि अनामतीवरचं १० टक्क्यांनी येणारं व्याज ९,१६७, यावर ०.२५ टक्के मुद्रांक म्हणजे सातशेच्या थोडं वर. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. दस्त हाताळणी आणि एजंटचे पैसे वेगळे.

मालक ऐकत नसेल तर

भाडं थांबवू नका. राग आला की पहिली सुचणारी गोष्ट हीच असते, आणि लायसन्सवाल्याला तीच सगळ्यांत महाग पडते: थकबाकीदार म्हणून करार रद्द होतो, आणि मुदत संपूनही जागा सोडली नाही तर १९९९ च्याच कायद्याच्या कलम २४ प्रमाणे दुप्पट दराने भरपाई मागितली जाते. भाडं बँकेतून वेळेवर भरत राहा आणि पत्रव्यवहार वाढवत न्या. पहिल्या ई-मेलमध्ये तारीख, जागा, फोटो, फॉइलच्या चाचणीचा निकाल. दुसऱ्यात प्लंबरचा लेखी अभिप्राय आणि कोटेशन. तिसऱ्यात वकिलामार्फत नोटीस, जिला साधारण दोन ते पाच हजार रुपये लागतात. माझ्या मते लायसन्सवाल्याने न्यायालयाच्या पायरीपर्यंत क्वचितच जावं. वर्षाच्या करारासाठी तीन वर्षांचा दावा लढण्यापेक्षा नोटिशीच्या जोरावर पूर्ण अनामत घेऊन दुसरं घर बघणं शहाणपणाचं. अनामत अडकली तरच दिवाणी दावा, त्याची मुदत तीन वर्षांची आहे. पगडीवाल्याचं गणित उलटं असतं. त्याला ते घर सोडायचं नसतं, म्हणून त्याने कलम १४ ची नोटीस द्यावी आणि मुंबईत लघुवाद न्यायालयात जायला कचरू नये.

मालकांनीही एवढं करावं: मे महिन्यात गच्ची आणि बाहेरची भिंत, ऑगस्टमध्ये एकदा घर आतून. चहाच्या निमित्ताने दहा मिनिटं गेलात तर पुढचे पंधरा हजार वाचतात. रंगाच्या नावाखाली प्रत्येक भाडेकरूच्या अनामतीतून महिन्याचं भाडं कापायची सवय सोडावी. नेहमीच्या झिजेचे पैसे तुम्ही भाड्यातच घेत असता.

एक जागा मात्र अशी आहे जिथे मालक, भाडेकरू आणि सोसायटी एकाच बाजूला उभे राहू शकतात: वॉटरप्रूफिंगवाला. भाड्याचा वाद ग्राहक आयोगाकडे सहसा चालत नाही, पण पैसे देऊन करवून घेतलेलं काम ही सेवा असते. पाच वर्षांची हमी देऊन पहिल्याच पावसात छत गळलं तर ज्याने पैसे दिले त्याने जिल्हा ग्राहक आयोगात जावं. पाच लाखांपर्यंतच्या कामाला तक्रारीची फी लागत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी नोंद करता येते. म्हणून ‘बिल नको असेल तर अठरा टक्के जीएसटी वाचेल’ म्हणणाऱ्याला काम देऊ नका, आणि हमी किती वर्षांची, कोणत्या भागाची आणि गळाल्यास किती दिवसांत येणार हे त्याच्या सहीशिक्क्याने लिहून घ्या. तक्रार दोन वर्षांच्या आत दाखल करावी लागते आणि तिच्यासोबत जोडायला पक्कं बिल लागतं.